आडवी गाडी

शुभदानं शिडी धरली होती आणि दत्ता वर चढून दुकानाच्या काचेवर रंगीत कागदांच्या माळा लावत होता. थंडीमुळे चिकटपट्टी धरत नव्हती. तो एक टोक दाबून दुसऱ्याकडे वळला, की पहिलं सुटून त्याच्या कानावर यायचं.

"अहो, पुरे आता. कोण बघणार आहे?"

"सगळं गाव बघेल. शनिवारी मिरवणूक इथूनच जाते ना?"

"गेल्या वर्षीच्याच माळा आहेत या. रंग उडालाय."

"मिरवणुकीतल्या लोकांनी तोवर इतकी बीअर घेतलेली असते, की त्यांना सगळेच रंग गडद दिसतात. तू शिडी धर."

शुभदानं शिडी धरली. पुढचं बोलणं तिनं गिळलं, कारण या बाबतीत नवऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिला आठवडाभरात कळून चुकलं होतं.

होल्टरब्रुख हे ऱ्हाइनकाठचं गाव ड्युसेलडॉर्फहून लोकलनं अर्ध्या तासावर आहे. दत्ता गानूची ड्युसेलडॉर्फमधली सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी पन्नाशीत गेली. तेव्हा भाडं कमी म्हणून तो इथं आला आणि लिंडेनस्ट्रासेच्या खालच्या टोकाला त्यानं किराणा मालाचं दुकान टाकलं. त्याआधी ती जागा खाटकाची होती. भिंतींवर अजून त्याच पांढऱ्या फरशा होत्या, आणि डुकराचं मांस टांगायच्या आकड्यांना आता उडदाच्या पापडांची पाकिटं लटकत होती. शुभदानं पहिले काही महिने त्या आकड्यांकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. मग सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

दुकान सुरुवातीला बरं चाललं. आसपासच्या गावांतून आयटीतली मंडळी शनिवारी गाडी काढून यायची आणि कढीपत्ता, पोहे, कोकम घेऊन जायची. गावातले जर्मन लोकही हळूहळू डाळीपर्यंत येऊन पोचले होते. पण गेल्या उन्हाळ्यात बायपासवरच्या मोठ्या सुपरमार्केटनं एक अख्खं फडताळ भारतीय मालानं भरलं. तिथले पराठे गोठवलेले आणि चवीला पुठ्ठ्यासारखे होते, पण पार्किंग फुकट होतं. फुकट पार्किंगपुढे शुभदाच्या हातच्या मसाल्याचं काही चालेना. आता महिनाअखेरपर्यंत जागेच्या मालकाला सांगायचं होतं, करार पुढे वाढवायचा की जागा सोडायची. शुभदा सोडायच्या बाजूची होती. मुलगा प्रणव इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि त्याच्या घरात एक खोली रिकामी होती.

दत्ताचं मात्र एकच पालुपद होतं. शनिवारी बँड दारात थांबू दे, मग बोलू.

हा बँड दारात थांबण्याचा प्रकार या गावचा जुना रिवाज होता. महायुद्ध संपल्यावर, गावात खायचे वांधे असताना, लिंडेनस्ट्रासेच्या दुकानदारांनी कार्निव्हल, म्हणजे फेब्रुवारीतला सोंगांचा उत्सव, पुन्हा सुरू केला. कापडवाल्यानं कापड दिलं, बेकरीवाल्यानं पाव दिले, लोहारानं मोडक्या बैलगाडीचा रथ करून दिला. तेव्हापासून मिरवणुकीचा भार दुकानदारांनी उचलायचा आणि त्याच्या बदल्यात बँडनं प्रत्येकाच्या दारात थांबून एक चाल वाजवायची, असं ठरून गेलं. त्या दिवशी दुकानदारानं दार सताड उघडं ठेवायचं, सगळे दिवे लावायचे आणि बाहेर येऊन वादकांना एकेक पेला द्यायचा. दत्ताला हे सगळं ऐकताक्षणीच कळलं. चिपळूणला त्याच्या वडिलांचं दुकान होतं आणि गणपतीची वर्गणी ते कधी टाळत नसत. वर्गणी देणाऱ्याच्या दुकानापुढे मिरवणूक रेंगाळते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी त्यानं वादकांना दारूऐवजी आल्याचा चहा दिला होता. बोटं गारठलेल्या त्या लोकांनी दोनदा मागून घेतला, तुताऱ्या काखेत मारून दारात उभ्या उभ्या प्याला. त्यानंतर कित्येक दिवस लोक चहाचा मसाला विचारत आत येत राहिले, आणि मसाल्याबरोबर आणखी चार वस्तू घेऊन गेले. या गावानं आपल्याला ओळखलं, असं दत्ताला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. ते पुन्हा वाटलं तर तो राहणार होता. नाही वाटलं, तर राहायचं कशाला?

तो शिडीवरून उतरत असतानाच कार्निव्हल मंडळाचे अध्यक्ष हेर क्युपर्स आले. एकेकाळी चर्चच्या वरच्या अंगाला त्यांचं रंगाचं दुकान होतं. आता तिथं दातांचा दवाखाना आहे. सत्तरीतला हा उंच माणूस आत शिरला, माळांची स्तुती करून झाली, थंडीची चौकशी झाली, आणि मग तो मसूरडाळीच्या पिशव्या उगीचच सरळ करत राहिला.

"हेर गानू, मिरवणूक होणार. आज सकाळीच परवानगी मिळाली."

"वुंडरबार!"

"हो. पण," क्युपर्स म्हणाले आणि आणखी एक पिशवी त्यांनी सरळ केली. "तुम्हाला माहीत आहे, हल्ली काय काय होतं ते. कुणी गाडी घेऊन गर्दीत घुसू नये म्हणून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जड अडथळा लावावा लागतो. त्याशिवाय परवानग्या देणारं ऑर्डनुंग्सआम्ट सही करत नाही. काँक्रीटचे ठोकळे भाड्यानं आणणं मंडळाला झेपत नाही. म्हणून रस्ता कमी केलाय. मिरवणूक चर्चपाशी वळेल."

"चर्चपाशी," दत्ता म्हणाला.

चर्चच्या खाली लिंडेनस्ट्रासेवर उघडं असलेलं दुकान एकच होतं, आणि ते दोघं त्यातच उभे होते.

"शाळेपाशी बेकरीवाल्याची गाडी लागेल. वरच्या बाजूला शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर. चर्चच्या कोपऱ्यासाठी मात्र कुणी मिळत नाही. मालक गाडीत बसलेला लागतो, किल्लीसकट. अँब्युलन्स आली तर हलवता आली पाहिजे." क्युपर्सनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "तुमची ती पांढरी मालाची गाडी आहे ना. ती तिथं आडवी लावली, तर होतं. नाहीतर मिरवणूकच होत नाही."

"नातुर्लिश," दत्ता म्हणाला.

समोरच्यानं काही मागितलं, की दत्ताच्या तोंडून हो आधी निघायचं आणि काय मागितलं हे त्याला नंतर कळायचं. नोकरीत यानंच त्याचं वाटोळं केलं होतं. दुसऱ्यांची कामं अंगावर घेत राहिला आणि कपात झाली तेव्हा त्याचं स्वतःचं असं काम कुणाला आठवेना. इथंही क्युपर्सनी दोन्ही हातांनी त्याचा हात दाबेपर्यंत त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"आणि बँड?" त्यानं विचारलं. "बँड इथवर येईल का?"

"माल झेएन," क्युपर्स म्हणाले. बघू. पुण्याच्या सासुरवाडीत 'बघू' म्हणजे काय ते दत्ताला ठाऊक होतं. जर्मनीत इतकी वर्षं काढूनही इथल्या 'बघू'चा अंदाज त्याला आला नव्हता.

शुभदा आतून पत्र्याचा मोठा डबा घेऊन आली. मिरवणुकीच्या रथावरून मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटं फेकतात. खायची वस्तू फेकायची हे तिला मुळीच पटत नसे, पण दुकानदारांच्या रथासाठी काहीतरी द्यायला हवं म्हणून तिनं दोन दिवस खपून चिक्की केली होती आणि एकेक तुकडा रंगीत कागदात गुंडाळला होता.

"फ्राऊ गानू," क्युपर्स कसनुसे झाले. "घरी केलेलं आता चालत नाही. दाण्यांची कुणाला ॲलर्जी असेल तर... यंदा सगळे खोके सुपरमार्केटनं दिलेत. बायपासवरच्या."

"गेनाऊ," बरोबरच आहे, असं शुभदा म्हणाली आणि डबा तसाच आत घेऊन गेली.

क्युपर्स गेल्यावर ती बाहेर आली. पदर खोचून भांडायला उभी राहणाऱ्यांतली ती नव्हती. ती गल्ल्याच्या मागच्या स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली,

"अहो, म्हणजे आपल्या दुकानाकडे येणारी वाट आपणच अडवायची?"

"अडवायची म्हणजे... निदान मिरवणूक तर होईल."

"कुणाची?"

एक माळ पुन्हा सुटून लोंबत होती. दत्ता ती बोटाला गुंडाळत राहिला.

"भीड भिकेची बहीण, असं तुमच्याच आई म्हणायच्या. आणि सारख्या तुमच्याकडे बघून म्हणायच्या."

"आता हो म्हणून बसलोय ना."

"तुम्ही बसलाय. मी कुठं म्हणतेय उठा म्हणून." तिनं गल्ल्याचा खण आत ढकलला. "एक सांगायचं होतं. मी फ्राऊ एसरना म्हणाले परवा, की बहुतेक आम्ही दुकान बंद करू."

फ्राऊ एसर चर्चसमोर लोकरीचं दुकान चालवायच्या. त्यांच्याकडे लोकर कमी आणि बातम्या जास्त मिळत. गावात गोष्ट पसरवायची तर चार जणांना सांगून दमू नये, त्यांना एकट्यांना सांगावी.

"बहुतेक म्हणालीस?"

"बहुतेकच म्हणाले."

"जर्मनमध्ये?"

"मग काय मराठीत? जमेल तेवढं बोलले हो मी. त्यांनी माझा हात धरून ठेवला कितीतरी वेळ."

रात्रीच्या जेवणाआधी प्रणवचा फोन आला. त्याला सगळं आईकडून आधीच कळलं होतं.

"बाबा, आल्झो, तुम्ही पूर्ण टाइम गाडीतच बसणार? मिरवणूक बघणार नाही?"

"समोरूनच जाणार आहे. चांगली दिसेल."

"पण मग हे बेसिकली सिक्युरिटीचं काम झालं ना? आणि ते पण अनपेड."

"दुकानदार करतात रे इथं. पद्धत आहे."

"बाबा," प्रणव म्हणाला, "इथली खोली मी रंगवून घेतलीये. प्रेशर नाही देत. फक्त सांगितलं."

त्याचा आवाज इतका मऊ होता की दत्ताला त्याचा राग आला. मुलानं भांडावं. समजूत घालू नये. समजूत म्हाताऱ्यांची घालतात.

शनिवारी दुपारी दत्तानं गाडी चर्चच्या कोपऱ्यावर नेली. नारिंगी जाकीट घातलेल्या तरुण पोलीसबाईनं हातांनी खुणा करून त्याला पुढे-मागे करायला लावलं. गाडीचं नाक कबरस्तानाच्या भिंतीला आणि शेपूट समोरच्या घराच्या पायरीला लागेपर्यंत तिचं समाधान झालं नाही. मग तिनं अंगठा वर केला. दत्तानं इंजिन बंद केलं. कोपरा तिरका असल्यामुळे त्याच्या पुढच्या काचेतून चर्चचा चौक दिसत होता, आणि बाहेरच्या आरशात त्याच्या मागं पसरलेली लिंडेनस्ट्रासे. तिच्या टोकाला, दिवे लावलेलं, दार सताड उघडलेलं त्याचं दुकान.

चौकात हळूहळू गर्दी जमली. लोक मधमाश्या, समुद्री चाचे, गाजरं होऊन आले होते. आडवी गाडी म्हणजे टेकायला आयती भिंत मिळाली. एका बापानं मुलीला थेट बॉनेटवर बसवलं आणि मग आत कुणीतरी आहे हे दिसल्यावर काचेतून हात जोडल्यासारखं केलं. दत्तानंही हात हलवला. एका मधमाशीनं बीअरचा ग्लास वायपरपाशी ठेवला आणि ती विसरून गेली. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. त्यात कुणाची चूक नव्हती, मिरवणूक तिकडून येणार होती.

शुभदा आली तेव्हा मिरवणुकीचं पहिलं टोक शाळेपाशी दिसायला लागलं होतं. ती मागच्या रस्त्यानं चालत आली, बाजूचं दार उघडून आत बसली आणि तिनं मांडीवर चहाचा मोठा थर्मास ठेवला.

"गारठला असाल."

"दुकान?"

"शटर ओढून आले. तासभर झाला, एक माणूस फिरकलं नाही. येणार कुठून? वाट तर तुम्ही अडवून बसलाय."

दत्ताला त्यात वावगं वाटलं नाही. चिपळूणला त्याचे वडील समोर पान खायला गेले तरी शटर ओढून जायचे आणि दुपारी जेवून एक डुलकी काढली की पुन्हा वर करायचे. दिवसातून कितीदा ते खालीवर होई याला गणतीच नव्हती. शुभदाच्या माहेरी पुण्याला तर दुपारचं शटर हा दुकानदाराचा जन्मसिद्ध हक्क होता. दोघांनीही तो विषय तिथंच सोडला आणि चहा ओतला.

मिरवणूक आली. ट्रॅक्टर आले, त्यांच्यामागं सजवलेले रथ आले, लोक "हेलाऊ" ओरडू लागले आणि आकाशातून गोळ्यांचा मारा सुरू झाला. काही गाडीच्या टपावर ताडताड पडल्या. मग दुकानदारांचा रथ आला. जुनाच तो, लाकडी, बाजूच्या फळीवर रस्त्यावरच्या दुकानांची नावं रंगवलेली. जोडेवाला, टोपीवाला, घड्याळजी, रंगवाले क्युपर्स. बहुतेकांची दुकानंच काय, माणसंही राहिली नव्हती, पण त्यांची नावं पुसायला कुणाचा हात झाला नव्हता. आणि सगळ्यांत खाली, नव्या निळ्या रंगात, गानू.

"शुभदा, बघ. आपलं नाव."

"दिसलं." ती पुढे वाकून बघत होती. "छान काढलंय अक्षर."

रथावर दोनच माणसं होती. एक फ्राऊ एसर, डोक्यावर लोकरीचा मुकुट घालून, दोन्ही हातांनी सुपरमार्केटच्या गोळ्या फेकत. दुसरे क्युपर्स. त्यांनी गाडीत बसलेल्या दत्ताला पाहिलं, ग्लास उंचावला आणि अंगठ्यानं गाडीच्या मागे, खालच्या रस्त्याकडे, दोनदा काहीतरी खुणावलं. ओरडून काही बोललेही. काचेतून आणि त्या गोंगाटातून एक शब्द कळला नाही. दत्तानं नेहमीप्रमाणे मान डोलावली.

त्यांच्यामागून बँड आला. लाल कोट, लाल टोप्या, पुढे ट्यूबाचा भलामोठा भोंगा वाजवणारी ती धिप्पाड बाई, जिनं गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त चहा प्याला होता. ते जोरजोरात वाजवत चौकात आले, वळले, आणि दत्ताच्या गाडीकडे पाठ करून वरच्या बाजूला निघून गेले.

दत्ताला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीचं इतकं वाईट कसं वाटू शकतं, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला आणि शुभदाला दिसू नये म्हणून आपल्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत बसला. शुभदाला दिसायचं ते दिसलं.

मग रथ संपले. लोक गाण्याच्या तालावर डुलत गावच्या हॉलकडे निघाले. बापानं बॉनेटवरची मुलगी उचलून नेली. रस्ता झाडणारं यंत्र चौकात गोल फिरून कागद आणि चुरडलेल्या गोळ्या गिळू लागलं. पोलीसबाई खिडकीशी आली.

"अजून थोडा वेळ बसा हं. गर्दी हॉलमध्ये शिरली, की मी सांगते."

"काइन प्रोब्लेम," दत्ता म्हणाला.

तो काच वर करत असताना शुभदानं उरलेला चहा दोघांत वाटला. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"मालकांना काय सांगणार आहात?" तिनं विचारलं.

"काय सांगायचं! तू म्हणतेस तेच. बंद करू. प्रणवनं खोलीपण रंगवलीये."

"तुमच्या मनात काय होतं?"

"बँड थांबला असता, तर हो म्हणणार होतो. वेडेपणाच आहे. चार तुताऱ्या वाजल्या म्हणून काय गिऱ्हाईक वाढणार आहे?"

शुभदानं कप दोन्ही हातांत धरला होता. तिला इंगोलश्टाटची खोली दिसत होती, तिथली खिडकी, तिथं बसून प्रणवची वाट बघणारा हा माणूस. तो दुपारभर काय करेल तिथं? कुणाला हो म्हणेल? या गावात निदान कुणीतरी त्याच्याकडे काहीतरी मागायला येत होतं. आज गाडी मागितली. मागतात ते आपलं मानूनच मागत असतील. तिला एकदम त्याची माया आली. इतक्या दिवसांचा राग कुठं गेला हे तिलाच कळेना.

"एक वर्ष," ती म्हणाली.

"काय?"

"आणखी एक वर्ष करू. एकच. त्या फडताळाच्या नाकावर टिच्चून. मसाला मी जास्त करत जाईन, तुम्ही गाडी घेऊन आजूबाजूच्या गावांत पोचवा. पुढच्या फेब्रुवारीत नाही जमलं, तर मग मात्र मी ऐकायची नाही."

दत्तानं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

"खरं म्हणतेस?"

"एकच वर्ष म्हणाले. लगेच नाचू नका, गाडी हलेल."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी असा हसला, पोटातून. त्याला तिचा हात धरायचा होता, पण हातात कप होता. तो ठेवायला जागा शोधत असतानाच त्याला ढोल ऐकू आला.

आवाज मागून येत होता. दत्तानं आरशात पाहिलं. कबरस्तानाच्या मागच्या पायवाटेनं लाल कोट एकामागून एक लिंडेनस्ट्रासेच्या खालच्या टोकाला बाहेर पडत होते. सगळा बँड नव्हता, अर्धाच असेल. बाकीचे हॉलमध्ये गेले असतील. पुढे क्युपर्स होते आणि त्यांच्या दंडाला धरून फ्राऊ एसर.

"आले! अगं, शुभदा, आले ते! क्युपर्स तेच खुणावत होते मघाशी!"

तिनं मान वळवली. मग तिचा चेहरा उतरला.

"अहो, शटर!"

तिनं थर्मास खाली ठेवला, किल्ली शोधायला पर्स उघडली, दाराची कडी ओढली. दत्ताला हलता येत नव्हतं. पोलीसबाई चौकात उभी होती आणि तिनं अजून सांगितलं नव्हतं. तो आरशाला डोळे लावून बसला.

बँड दुकानापुढे येऊन थांबला होता. ढोल बंद झाला. ट्यूबावाल्या बाईनं शटरकडे पाहिलं आणि मग क्युपर्सकडे. फ्राऊ एसरनी मान हलवली आणि त्या काहीतरी बोलल्या. लांबलचक काही नाही, दोन-तीन शब्दच असतील. भर दिवसा, तेही मिरवणुकीच्या दिवशी, खाली ओढलेल्या शटरचा अर्थ या गावाला समजावून सांगावा लागत नव्हता. लिंडेनस्ट्रासेवर एकामागून एक अशी कितीतरी शटरं त्यांनी पाहिली होती, आणि त्यांतलं एकही पुन्हा वर गेलं नव्हतं.

क्युपर्सनी टोपी काढली. मग सगळ्यांनी काढल्या, काखेत धरल्या, वाद्यं ओठांना लावली.

चाल संथ होती. कार्निव्हलची नव्हतीच. दत्तानं ती पूर्वी कधी ऐकली नव्हती, पण ती कशाची आहे हे कळायला ऐकलेली असण्याची गरज नव्हती. कागद समोर न ठेवता, एकमेकांकडे न बघता ते वाजवत होते. गेल्या वर्षी त्याच्या दारात त्यांनी वाजवलेली चाल दोनदा चुकली होती आणि सगळे हसले होते. ही कुठंही अडखळत नव्हती. ही वाजवायची त्यांना चांगली सवय झाली होती.

शुभदाचा एक पाय रस्त्यावर होता. दत्तानं तिच्या कोटाची बाही धरली.

"थांब."

"अहो, सांगते ना जाऊन. एवढ्यात येते म्हणून ओढलं होतं, बंद नाही केलं म्हणून—"

"थांब गं. सुरू झालंय."

"मग काय झालं? हसतील. मी शटर वर करते, चहा करते."

"ते बघ," दत्ता म्हणाला.

तिनं आपल्या बाजूच्या आरशात पाहिलं. फ्राऊ एसर लोकरीचा मुकुट हातात घेऊन उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होत्या. क्युपर्स शटरसमोर ताठ उभे होते, मान थोडी खाली घालून. ट्यूबावाल्या बाईचे गाल थंडीनं लाल झाले होते. आपल्यासाठी एवढ्या मनापासून कुणी काही केलेलं शुभदानं या देशात पाहिलं नव्हतं. हे लोक आपला निरोप घेऊन मोकळे होत होते. आता मध्ये जाऊन त्यांना काय सांगायचं? की आम्ही अजून एक वर्ष आहोत? आणि पुढच्या वर्षी पुन्हा इथंच उभं करायचं त्यांना?

किल्ली तिच्या हातातच राहिली. थोड्या वेळानं तिनं पाय आत घेतला आणि आवाज होणार नाही अशा बेतानं दार लावून घेतलं.

चौकातून पोलीसबाईनं हात हलवला. झालं, गाडी काढा, असं ती खुणेनं सांगत होती. मग ती वळून हॉलच्या दिशेनं चालू लागली.

दत्तानं इंजिन सुरू केलं नाही. मागं बँड वाजत होता. त्यानं डोक्यावरची कानटोपी काढली आणि मांडीवर ठेवली.